बास्केटबॉलमधलं शॉट क्लॉक: टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

शॉट क्लॉक म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या संघाला शॉट मारायला मिळणारे २४ (काही वेळा १४) सेकंद मोजणारं घड्याळ. त्याचं कन्सोल हातात आलं की नवा माणूस एकच प्रश्न विचारतो: रिसेट, म्हणजे आकडा पुन्हा वर नेणं, कधी करायचं? खरं तर आधी शिकायचं ते रिसेट कधी करायचं नाही. रिसेट करायला अर्धा सेकंद उशीर झाला तर फारसं काही बिघडत नाही. पण नको तेव्हा बटण दाबलं की डिस्प्लेवरचा आकडा पुसला जातो, आणि तो कुणाच्या लक्षात नसेल तर पंचांकडेही परत आणायला काही उरत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

इथे दिलेले नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे आहेत.

२४ हा आकडा आला कुठून, हे थोडक्यात. २२ नोव्हेंबर १९५० ला अमेरिकेत फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनीॲपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. आघाडी घ्यायची आणि चेंडू धरून बसायचं, असा खेळ चालायचा तेव्हा. त्यावर सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा, तर एका शॉटला २४ सेकंद. १९५४ पासून एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, हे घड्याळ आलं. फिबाने १९५६ मध्ये ३० सेकंदांचा नियम आणला आणि २००० मध्ये तेही २४ वर आले. कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात त्यामागचा विचारही हाच, की प्रेक्षकांसमोर वेळ काढत बसता येऊ नये.

सामन्याआधी

किमान अर्धा तास आधी टेबलावर पोहोचा. जागा टायमरच्या, म्हणजे सामन्याचं मुख्य घड्याळ चालवणाऱ्याच्या, शेजारची घ्या. सामनाभर तुमचं सर्वात जास्त बोलणं त्याच्याशीच होणार आहे. बसल्यावर दोन्ही रिंग स्पष्ट दिसतात का ते बघा. बेंचवरचे राखीव खेळाडू उभे राहून एका बाजूची रिंग झाकतात, हे सामना सुरू झाल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. पंचांना आधीच सांगून ठेवा.

मग घड्याळ तपासा. २४ वरून पूर्ण ० पर्यंत एकदा सोडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहा. बझर वाजतो का, आणि मुख्य घड्याळाच्या बझरपेक्षा त्याचा आवाज वेगळा आहे का? दोन्ही आवाज सारखे असतील तर क्वार्टरच्या शेवटी मैदानावर हमखास गोंधळ होतो. १४ चं बटण, डिस्प्ले कोरा करण्याचं बटण आणि दोन्ही बोर्डांवरचे आकडे एकसारखे चालतात का, तेही बघा. मुख्य घड्याळ थांबवल्यावर शॉट क्लॉक आपोआप थांबतं का? काही कन्सोलमध्ये दोन्ही जोडलेली असतात, काहींत नसतात. नसतील तर प्रत्येक शिट्टीला तुम्हालाच थांबवावं लागेल.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. चांगल्या यंत्रात शेवटच्या ५ सेकंदांत दशांश दिसतात. जुन्या यंत्रात नुसते पूर्ण आकडे असतात, आणि काही यंत्रांवर ० दिसल्यानंतरही जवळजवळ एक सेकंद शिल्लक असतो. तुमच्या यंत्रात ० आणि बझर एकत्र येतात की नाही, ते बघून पंचांच्या कानावर घाला. वेळ संपते बझरला. डिस्प्लेवरचं ० फसवू शकतं.

घड्याळ सुरू कधी होतं

मैदानावरच्या खेळाडूला जिवंत चेंडूचा ताबा मिळाला की. ताबा म्हणजे चेंडू हातात धरणं किंवा ड्रिबल करणं. बोट लागणं, थोपटून उडवणं, दोघांच्या झटापटीत चेंडू घरंगळणं हा ताबा नाही. सुरुवातीच्या जंप बॉलला (पंच चेंडू वर उडवतो आणि दोन खेळाडू उडी मारून तो थोपटतात) म्हणूनच टॅप झाल्याबरोबर बटण दाबू नका, कुणीतरी चेंडू धरेपर्यंत थांबा. मुख्य घड्याळ मात्र टॅपलाच सुरू होतं, त्यामुळे टायमरचा हात हलला म्हणून तुमचाही हलतो. या मोहापासून सावध.

थ्रो-इनला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना, हिशेब वेगळा आहे. चेंडू मैदानातल्या कुठल्याही खेळाडूला नियमाप्रमाणे लागला आणि ताबा थ्रो-इन करणाऱ्या संघाकडेच राहिला, की घड्याळ चालू. बचाव करणाऱ्याचं बोट लागलं तरी चालू. बाहेर उभा असलेला खेळाडू चेंडू उचलतो, जागा शोधतो, तोपर्यंत मात्र घड्याळ हलत नाही. थ्रो-इनसाठी मिळणारे ५ सेकंद पंच स्वतः मोजतात. बास्केट झाल्यावर चेंडू जाळीतून पडला की लगेच २४ सुरू करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. अशाने प्रत्येक चढाईत दोन-तीन सेकंद कापले जातात, आणि प्रशिक्षक दुसऱ्या क्वार्टरपर्यंत टेबलाकडे बघून हातवारे करायला लागतात.

उशिरा सुरू करण्याचाही तोटा आहे. ८ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा असतो, आणि त्यासाठी पंच तुमचाच डिस्प्ले बघतात. तुम्ही एक सेकंद झोपलात तर त्या संघाला तिथेही एक सेकंद फुकट मिळतो.

शॉट गेला, आता हात कुठे?

शॉट म्हणजे बझर वाजण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा, आणि त्यानंतर तो रिंगला लागला किंवा बास्केटमध्ये गेला पाहिजे. नुसता बोर्डला लागून खाली आला तर त्याने काही साधलं नाही, घड्याळ चालूच राहणार.

म्हणून चेंडू हवेत असताना नजर रिंगवर आणि दोन बोटं २४ आणि १४ या दोन बटणांवर ठेवा. चेंडू रिंगला लागला की थांबवा. मग रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, कुणी पकडला ते बघा. दुसऱ्या संघाने पकडला तर २४, त्याच संघाने परत मिळवला तर १४. शेवटचा फ्री थ्रो रिंगला लागून हुकला आणि त्याच संघाने रिबाउंड घेतला, तरी १४. बऱ्याच कन्सोलवर रिसेटचं बटण दाबून धरलं की घड्याळ थांबून राहतं आणि सोडलं की चालू होतं. ही सोय असेल तर वापरा. रिंगला लागल्यावर दाबा, ताबा स्पष्ट झाल्यावर सोडा. मधल्या झटापटीत चेंडू चार हातांना लागला तरी बोट उचलू नका.

रिंगला लागला की नाही हे कळत नसेल तर? कान द्या, लोखंडाचा आवाज वेगळा असतो. चेंडूची दिशा बदलली का ते बघा. शेजारच्या टायमरलाही आधीच सांगून ठेवा, की शॉट पडताना त्याने हळूच 'रिंग' किंवा 'हुकला' असं म्हणायचं. तरीही शंका राहिली तर रिसेट करू नका, पंचाकडे बघा. तर्जनी वर करून हात गोल फिरवला तर तो रिसेटचा इशारा. बझर चुकून वाजला तर पंच तो दुर्लक्षित करू शकतात. पुसलेला आकडा मात्र ते आठवू शकत नाहीत.

ब्लॉक झालेल्या शॉटलाही हेच लागू. लाल संघाने शॉट मारला, निळ्याने तो हवेतच थोपवला, चेंडू पुन्हा लाल संघाच्या हातात आला. रिंगला स्पर्श नाही, निळ्याचा ताबा नाही, घड्याळ चालूच. निळ्याने थोपवलेला चेंडू रेषेबाहेर गेला तर थांबवा, पण आकडा तोच ठेवा. टाळ्या इतक्या जोरात पडतात की बोट आपसूक रिसेटवर जातं.

शिट्टीनंतर: २४, १४ की तेच?

इथे बहुतेक नवखे अडखळतात. दोन प्रश्न क्रमाने विचारा. चेंडू आता कुणाला मिळाला? आणि थ्रो-इन मैदानाच्या कुठल्या अर्ध्या भागातून आहे? संघ ज्या अर्ध्यात हल्ला करतो तो त्याचा फ्रंटकोर्ट, आणि ज्या अर्ध्यात स्वतःची बास्केट राखतो तो त्याचा बॅककोर्ट.

ज्यांच्याकडे आधी ताबा होता त्यांनाच चेंडू मिळाला, आणि कारण बचाव करणाऱ्यांचा फाउल किंवा नियमभंग (मुद्दाम पाय मारणं हे त्यातलं नेहमीचं) असेल, तर बॅककोर्टमधून थ्रो-इनला २४. फ्रंटकोर्टमधून असेल आणि घड्याळावर १४ किंवा जास्त असतील तर तेच पुढे चालू, १३ किंवा कमी असतील तर १४. म्हणजे १९ वर फाउल झाला तर १९ च, ८ वर झाला तर १४.

त्याच संघाला चेंडू मिळाला, पण कारण चेंडू बाहेर जाणं, त्यांच्याच खेळाडूची दुखापत, त्यांचाच टेक्निकल फाउल, दोन्हीकडचा डबल फाउल किंवा हेल्ड बॉलवर (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरल्यावर) चेंडू कुणाला ते दाखवणारा टेबलावरचा बाण त्यांच्या बाजूने असणं, यांपैकी असेल, तर रिसेट नाही. होता तोच आकडा. बचाव करणाऱ्याने चेंडू बाहेर घालवला म्हणून ३ वरून १४ करणं ही चूक मोठमोठ्या स्पर्धांतही बघायला मिळते. बचाव चांगला केला, त्याची शिक्षा बचाव करणाऱ्यालाच! नियम तसं म्हणत नाही.

दुसऱ्या संघाला चेंडू मिळाला तर त्यांच्या बॅककोर्टमधून २४, फ्रंटकोर्टमधून १४. हे दुसरं चटकन ध्यानात येत नाही. लाल संघाने मध्यरेषा ओलांडून चेंडू परत मागे नेला, बॅककोर्टचा नियमभंग. थ्रो-इन निळ्याला मिळणार, आणि लालचा बॅककोर्ट म्हणजे निळ्याचा फ्रंटकोर्ट. म्हणून १४. नवा ताबा म्हणजे आपोआप २४ असं समजून चालू नका.

अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणाऱ्या) किंवा डिस्क्वालिफाइंग (खेळाडूला सामन्याबाहेर काढणाऱ्या) फाउलच्या फ्री थ्रोनंतर फ्रंटकोर्टमधल्या ठरलेल्या रेषेवरून थ्रो-इन होतं, त्याला १४.

चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या २ मिनिटांत एक वेगळी भानगड आहे. बॅककोर्टमधून थ्रो-इन मिळालेल्या संघाच्या प्रशिक्षकाने टाइमआउट घेतला तर तो थ्रो-इन पुढे, फ्रंटकोर्टमधून घेण्याचा पर्याय निवडू शकतो. पुढून घेतला आणि बास्केट किंवा फाउलनंतरचा असेल तर १४. चेंडू नुसता बाहेर गेला असेल तर १४ किंवा जास्त असल्यास १४, १३ किंवा कमी असल्यास तेच चालू. टाइमआउट संपताना प्रशिक्षकाने काय निवडलं ते पंचांकडून स्पष्ट ऐका. अंदाजाने लावू नका. शेवटच्या दीड मिनिटात चुकीचे १० सेकंद मिळाले तर ते सामना फिरवतात.

डिस्प्ले कोरा कधी

क्वार्टरच्या शेवटी नवा ताबा आला आणि मुख्य घड्याळात २४ पेक्षा कमी उरले असतील, तर २४ दाखवण्यात अर्थ नाही, डिस्प्ले कोरा ठेवा. १४ मिळणार असतील आणि १४ पेक्षा कमी उरले असतील तरी कोरा. पण मुख्य घड्याळात २० सेकंद आहेत आणि आक्रमक संघाने रिबाउंड मिळवला, तर १४ दाखवायचेच, कारण ते आधी संपणार आहेत. इथे टायमरची मदत लागते. ३० सेकंदांपासून त्याने हळू आवाजात मुख्य घड्याळ सांगत राहावं: 'अठ्ठावीस', 'बावीस'. तुम्ही नजर चेंडूवरून हलवायची नाही.

जुना ताबा चालू असेल तर कोरा करू नका. मुख्य घड्याळात १२ आणि शॉट क्लॉकवर ९ असतील तर ते ९ चालू राहिले पाहिजेत.

बझर वाजला म्हणजे खेळ थांबला असं नाही

नियमभंग ठरवणं पंचाचं काम. तुमचा बझर हा फक्त इशारा आहे, त्याने मुख्य घड्याळ थांबत नाही. शॉट हवेत असताना बझर वाजला आणि चेंडू आत गेला तर गुण धरले जातात. रिंगला लागून बाहेर आला तर खेळ पुढे चालू. रिंगला न लागता चुकला तर नियमभंग, पण बचाव करणाऱ्या संघाला लगेच आणि स्पष्ट ताबा मिळाला असेल तर पंच खेळ थांबवत नाहीत. अशा वेळी बझरनंतर स्तब्ध बसू नका. ताबा मिळालेल्या संघासाठी २४ सुरू करा.

पंचाने नियमभंग दिला तर तो बोटांनी स्वतःच्या खांद्याला स्पर्श करून दाखवतो. ज्या बोर्डांना दिवे असतात तिथे शॉट क्लॉक संपल्यावर पिवळा दिवा लागतो आणि क्वार्टर संपल्यावर लाल. दिवा कधी लागला आणि चेंडू हातातून कधी सुटला, यावर पंचाचा निर्णय होतो.

डिस्प्ले नसेल तेव्हा

तालुका, जिल्हा आणि शालेय पातळीवर अनेकदा स्टॉपवॉच आणि आवाज एवढंच साहित्य असतं. यातही नीट काम करता येतं, पण एकट्याने नाही. दोघं बसा. एक मैदान बघतो आणि 'सुरू', 'थांब', 'चोवीस', 'चौदा' एवढंच बोलतो. दुसरा फक्त घड्याळ बघतो.

स्टॉपवॉच उलटं मोजत नाही, म्हणून चूक होते. १४ ची रिसेट दिल्यावर पाहणारा २४ पर्यंत मोजत राहतो. यावर साधा उपाय: पुठ्ठ्याचं एक कार्ड, एका बाजूला मोठा २४, दुसऱ्या बाजूला १४. रिसेट झाली की कार्ड उलटवून टेबलावर मैदानाकडे तोंड करून ठेवा. खेळाडूंनाही ते दिसतं. प्रत्येक थांब्याला उरलेले सेकंद कागदावर लिहा, वजाबाकी डोक्यात ठेवू नका.

इशारा कसा द्यायचा हे सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षक आणि पंचांसमोर ठरवा. चालण्यासारखी पद्धत अशी: १० सेकंद उरल्यावर एकदा मोठ्याने 'दहा', मग ५ पासून प्रत्येक आकडा, आणि शेवटी हातातला हॉर्न. हॉर्न नसेल तर वेगळा, ठरवलेला आवाज. शिट्टी वापरू नका, पंचाची वाजली असं वाटून खेळाडू थांबतात. मोजताना घड्याळाकडे बघून मोजा. शॉट रोमांचक झाला की 'तीन-दोन-एक' एका सेकंदात उरकतं, हा माणसाचा स्वभावच आहे.

३×३ मध्ये, म्हणजे तिघा-तिघांच्या बास्केटबॉलमध्ये, तर याची नियमातच सोय आहे. तिथे १२ सेकंद असतात आणि १४ वगैरे काही नाही. कोर्टवर शॉट क्लॉक नसेल तर संघ वेळ काढतोय असं दिसल्यावर पंच शेवटचे ५ सेकंद मोठ्याने मोजतो. टेबलावरच्या माणसाला तिथे घड्याळ नसतं, त्यामुळे पंचाच्या मोजणीत स्वतःची मोजणी मिसळू नका.

चूक झालीच तर

गप्प राहू नका. रिंगला न लागलेल्या शॉटवर चुकून २४ केले, लक्षात आलं, तर पुढच्या शक्य तितक्या लवकरच्या क्षणी पंचांना कळवा. एखाद्या संघावर अन्याय होणार नसेल तर ते खेळ थांबवून आकडा दुरुस्त करतात आणि चेंडू त्याच संघाला परत देतात. त्यांना तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: चुकण्याआधी काय होतं, आणि चुकल्यापासून किती गेले. म्हणून प्रत्येक शॉट हवेत जाताना डिस्प्लेवरचा आकडा मनात किंवा टायमरला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची सवय लावा. 'सात', शॉट. 'अकरा', शॉट. पहिल्या सामन्यात ते विचित्र वाटतं.

बझर चुकून वाजला तर घाबरून दुसरं बटण दाबू नका. साधारणपणे पंच तो दुर्लक्षित करून खेळ चालू ठेवतात. बझरमुळे ताबा असलेला संघ थबकला आणि त्याचं नुकसान झालं असं वाटलं तरच ते थांबवतात. प्रशिक्षक टेबलाजवळ येऊन वाद घालायला लागला तर उत्तर देऊ नका, पंचाकडे बोट करा. तुमचं बोलणं स्कोअरर, टायमर आणि पंच यांच्याशीच.

क्वार्टर संपल्यावर पुढच्या क्वार्टरच्या पहिल्या थ्रो-इनसाठी २४ लावून घड्याळ थांबवून ठेवा आणि कुठला संघ कुठल्या बास्केटवर हल्ला करणार ते टायमरशी पुन्हा ताडून घ्या. दुसऱ्या अर्ध्यात संघ बास्केट बदलतात, आणि फ्रंटकोर्ट-बॅककोर्टचा सगळा हिशेब त्याबरोबर उलटतो.